ती वही आधी शोधून ठेव

पोरी, तुझं पत्र मिळालं, दोनदा वाचलं. तू जिंतूर तालुक्यातली, आई आशा वर्कर. २०२१ ला तू अकरावीत होतीस आणि आईसोबत घरोघरी फिरून लोकांचे लसीचे नंबर लावून द्यायचीस. बारावीनंतर लातूरला एक वर्ष रिपीट केलंस, एमबीबीएस काही लागलं नाही, आता परभणीला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहेस. पप्पा म्हणतात बीएड कर नाहीतर तलाठीचं बघ, समाजसेवेनं पोट भरत नसतं. आणि तुला विचारायचंय की साथीत गरिबाच्या वाट्याला उपचार उशिरा का येतात, ह्याच्यावर काम करणारं काही करिअर असतं का, का हे नुसतं खूळ आहे.

खूळ नाही. तुझ्या पत्रातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जायला तयार नाही. एका मोबाईल नंबरवर चौघांचीच नोंद व्हायची म्हणून तू गल्लीतले फोन गोळा करून पाण्याच्या टाकीवर चढायचीस कारण रेंज तिथंच, ओटीपी येईपर्यंत स्लॉट संपलेला, आणि केंद्रावर जाऊन बघावं तर शहरातून गाड्या करून आलेले लोक लस घेऊन चाललेत अन् गावातली माणसं आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत धरून झाडाखाली बसलेली. त्या दिवसापासून तू वहीत लिहायला लागलीस, नाव, वय, घरात फोन आहे का, लस का नाही मिळाली. अगं हेच ते काम आहे! कोण सुटलं, का सुटलं आणि कुणाची सही झाली की हे बदलेल, ह्या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर आणणारी माणसं लागतात, आणि आपल्या मराठवाड्यात अशी माणसं लई कमी आहेत.

आणि बदलतं बरं का. १८ ते ४४ वयाच्या लोकांना १ मे २०२१ पासून लस खुली झाली तेव्हा कोविनवर, म्हणजे सरकारच्या लस नोंदणीच्या वेबसाइटवर, आधी नोंदणी सक्तीची होती. स्मार्टफोन नसलेल्यानं काय करायचं म्हणून देशभरातून ओरड झाली, २४ मे ला सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणी करायला परवानगी आली, आणि ३१ मे ला सुप्रीम कोर्टानंही हाच प्रश्न सरकारला विचारला. ती ओरड नुसती रागाची असती तर कुणी ऐकली नसती, मागे आकडे होते, तुझ्यासारख्यांच्या वह्या होत्या.

माझ्या घरचंच सांगते. दुसऱ्या लाटेत माझ्या मावसभावाला एका खासगी दवाखान्यात ठेवलं होतं, नाव नाही लिहीत. बिल बघून घरातल्यांनी गळ्यातलं मोडायची तयारी केली. पण सरकारनं मे २०२० मध्येच खासगी दवाखान्यांच्या ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले होते, आणि बिलं तपासायला ऑडिटर नेमले होते. आम्हाला हे एका कार्यकर्त्या ताईनं सांगितलं, तिनंच अर्ज लिहून दिला, प्रत्येक ओळीपुढं ठरलेला दर लिहून. पैसे परत मिळाले. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला हे सांगणारं कुणी नव्हतं, त्यानं बैल विकले. मला आजही ते आठवलं की झोप लागत नाही.

आता शिक्षणाचं. मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ म्हणजे एमपीएच, सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, ह्याला एमबीबीएसच पाहिजे असं नसतं. मुंबईच्या टिसमध्ये, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये, कुठल्याही शाखेच्या पदवीवर करता येतं, प्रवेश सीयुईटी पीजी ह्या देशपातळीवरच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेतून, फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात, तारीख चुकवू नको. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातही एमपीएच आहे. घरापासून जवळ पाहिजे असेल तर टिसचा तुळजापूरला कॅम्पस आहे, तिथं ग्रामीण विकासाच्या अंगानं शिकता येतं. फी आणि स्कॉलरशिपचं फॉर्म भरायच्या आधी लेखी विचारून घे, जातीचा अन् उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव, ऐनवेळी सेतूत रांग लावून हाती काही लागत नाही. गडचिरोलीत आरोग्याचं काम करणाऱ्या डॉ. अभय आणि राणी बंग यांनी २००६ साली तरुणांसाठी ‘निर्माण’ नावाचा उपक्रम सुरू केला, त्याचं शिबिरही कर, डोकं साफ होतं.

संख्याशास्त्र मात्र मनापासून शिक, तू सायन्सची आहेस, घाबरू नको. आणि मराठीत स्वच्छ अर्ज लिहायला शिक. हे दोन जमलं तर कुणी अडवू शकत नाही.

पप्पांच्या काळजीवर मी पांघरूण घालणार नाही. एनएचएम म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या बहुतेक नोकऱ्या कंत्राटी असतात, संस्थांमध्ये सुरुवातीचा पगार बेताचा असतो, प्रोजेक्ट संपला की दुसरा शोधावा लागतो. तालुक्यातल्या आशांचं काम बघणाऱ्या तालुका समूह संघटकाचं पद तुझ्या आईला माहीत असेल, तिलाच विचार तो माणूस दिवसभर काय करतो. पप्पांना बरं वाटावं म्हणून सरळसेवेचा फॉर्म भरायचा असेल तर भर, त्यात काही बिघडत नाही, पण एमपीएचची तयारी त्याच्यामागं ढकलू नको.

आणि आईचं एक बघ. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशा संपावर गेल्या तेव्हा कुठं महिन्याला दीड हजारानं वाढ मिळाली, त्यातले पाचशे तर कोविड भत्त्याचे. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं आशांचा गौरव केला तो वेगळाच. गावोगाव फिरणाऱ्या बाईला भत्त्यासाठी रस्त्यावर बसावं लागतं हाही आरोग्यातल्या समानतेचाच प्रश्न आहे, तुझा पहिला अभ्यास घरातूनच सुरू होऊ शकतो. आईला विचार तेव्हा मास्क, सॅनिटायझर किती मिळालं, पेट्रोल कुणाचं जाळलं, अन् लिहून काढ.

येत्या रविवारी मी घरीच आहे, पप्पांना घेऊन ये. वही घेऊन ये, पानं फाटलेली असली तरी चालतील.