देवमासा, हाका आणि कत्तल

सोलापुरातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आला आहे. शाळेच्या भित्तिपत्रकासाठी उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर व्हेल मारतात त्याविषयी मजकूर लिहायचा होता. बाईंनी 'शिकार' लिहिलं. एका सरांनी ते खोडून 'कत्तल' केलं. तिसऱ्या सहकाऱ्यांचं म्हणणं, त्या लोकांची शेकडो वर्षांची रीत आहे, तिचा मान राखून 'पारंपरिक मासेमारी' म्हणावं. यातला बरोबर शब्द कोणता?

बाई, माझ्या मते तिन्हींपेक्षा नेमका शब्द मराठीत आधीपासून आहे: हाका. 'हाक मारणे'तली हाक नव्हे, रानातला हाका. माणसं रांग धरून, डबे-ढोल बडवत, आरडाओरडा करत रान उठवतात आणि जनावराला दबा धरून बसलेल्यांच्या पुढ्यात ढकलतात. ते करणारे हाकारे.

आता फेरो बेटांवर काय होतं ते बघा. पायलट व्हेलचा (ही कळपाने राहणारी एक जात) कळप दिसला की बोटी त्याच्यामागे अर्धवर्तुळ करतात आणि त्याला उथळ खाडीत रेटत नेतात. तिथे किनाऱ्यावर माणसं वाट बघत उभी असतात. जपानमधल्या ताइजी गावात डॉल्फिन धरतात तेव्हा तर डबे बडवण्याचंच दुसरं रूप दिसतं. बोटीवरून लोखंडी नळ्या पाण्यात सोडतात आणि वरून हातोडीने ठोकतात. डॉल्फिनला पाण्यात वाट दिसते ती कानाने, त्यामुळे तो आवाज त्याच्यापुढे भिंतीसारखा उभा राहतो. हा हाकाच आहे. म्हणून 'हाका घालून व्हेल मारणे' किंवा 'हाक्याची शिकार' असं लिहिलं, तर काय घडतं ते मुलांना एका शब्दात कळेल.

'मासेमारी' मात्र अजिबात नको. व्हेल आणि डॉल्फिन हे मासे नव्हेत. ती फुप्फुसाने श्वास घेतात, पिलाला दूध पाजतात. यात दोष आपल्या 'देवमासा' या शब्दाचाही आहे, पण तो इतका रुळलाय की काढू नये. मजकुरात एक वाक्य घालून खुलासा करावा. तुमच्या वर्गात सोलापूरच्या पूर्व भागातली तेलुगू घरची मुलं असतील. त्यांना घरी काय म्हणतात विचारा, 'तिमिंगलम' सांगतील. कन्नड घरातलं मूल 'तिमिंगिल' म्हणेल. संस्कृतातला 'तिमी नावाच्या मोठ्या माशाला गिळणारा तो तिमिंगिल' हा शब्द आपण पोथीत ठेवला, शेजाऱ्यांनी तो रोजच्या वापरात ठेवला. डॉल्फिनची गोष्ट आणखी गमतीची. संस्कृत 'शिशुमार'पासून हिंदीत 'सूँस' झाला, तो गंगेतला डॉल्फिन. मराठीत त्याच शब्दाची 'सुसर' झाली आणि ती थेट मगरीच्या कुळात जाऊन बसली. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात मारू नये अशा प्राण्यांच्या यादीत 'गंगापुपुटक' येतो, तो म्हणजे हा गंगेतला डॉल्फिनच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. असो, जरा वाहवत गेलो.

तर 'मासेमारी' हा शब्द येतो कुठून? ताइजीच्या पद्धतीला जपानीत 'ओइकोमि-र्यो' म्हणतात. ओइकोमि म्हणजे हाकून आत घालणं आणि र्यो म्हणजे मासेमारी. त्या शब्दाच्या पहिल्या अर्ध्यात आपला हाका आहे, दुसऱ्या अर्ध्यात तिथल्या सरकारची भूमिका आहे. व्हेल हे समुद्रातून काढायचं एक उत्पादन, असं ती भूमिका सांगते. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने व्यापारी शिकारीवर घातलेली बंदी १९८६ पासून अमलात आहे. जपान २०१९ मध्ये त्या आयोगातून बाहेर पडला आणि त्याच वर्षी जुलैत आपल्या समुद्रात व्यापारासाठी व्हेल मारायला लागला. आपण 'मासेमारी' लिहिलं की मान राखल्यासारखं वाटतं, पण खरं तर आपण एका बाजूचा शब्द उचललेला असतो.

आता 'कत्तल'. सरांचा संताप मला समजतो. १२ सप्टेंबर २०२१ ला फेरोमधल्या एकाच हाक्यात १,४०० हून अधिक डॉल्फिन मारले गेले. खाडी लाल झालेली ती छायाचित्रं बघून दुसरा शब्द सुचणं कठीण. खुद्द बेटावरच्या लोकांतूनही 'हे अति झालं' असा आवाज उठला आणि पुढे सरकारने त्या जातीच्या डॉल्फिनांसाठी २०२२ आणि २०२३ पुरती वर्षाला ५०० ची मर्यादा घातली. त्या एका दिवसाला कोणी कत्तल म्हटलं तर मी खोडणार नाही. कत्तलीत अर्थच तो आहे: पुष्कळ जीव, एकगठ्ठा, निवड न करता.

पण सगळ्या प्रथेचं नाव म्हणून तो शब्द वापरण्याआधी आपल्या गावाकडे एक नजर टाका. आपल्या जिल्ह्यात कंदुरी होते. देवाला किंवा पिराला बोललेलं बकरं कापायचं, गाव जेवायला बोलवायचं. आपण म्हणतो 'यंदा त्यांच्याकडे कंदुरी आहे', 'दोन बकरी पडली'. 'पडली'! जणू आपोआप. कोणी शेजाऱ्याच्या कंदुरीला कत्तल म्हणत नाही. म्हटलं तर भांडण होईल. फेरोच्या माणसाचंही तेच आहे. मारलेल्या व्हेलचं मांस तिथे गावात वाटून घ्यायची जुनी रीत आहे आणि किती मारले याच्या नोंदी १५८४ पासून सापडतात. तरीही त्यांची भाषा आपल्यापेक्षा सरळ आहे. 'ग्रिंडाद्राप' या त्यांच्या शब्दात 'ग्रिंड' म्हणजे पायलट व्हेलचा कळप आणि 'द्राप' म्हणजे ठार मारणं. त्यांनी 'पडले' म्हटलं नाही, 'मारणं'च म्हटलं. म्हणून माझा आग्रह 'मारणे' या साध्या क्रियापदासाठी आहे. ते कोणाला झाकत नाही आणि कोणाला शिवीही देत नाही.

राहिला 'शिकार'. शब्द फारसी, दरबारातून आलेला. त्याचा जुना सोबती 'पारध'. प्राकृतातल्या 'पारद्धि'ला संस्कृत कोशांत 'पापर्द्धि' हे रूप मिळालं, म्हणजे पापाची वाढ. निवाडा शब्दातच करून ठेवलेला. आणि हा निवाडा कोणाच्या माथी आला, हे सोलापूरकरांना सांगायला नको. राजाने, साहेबाने बंदूक घेतली की ती शिकार, तिचे फोटो भिंतीवर. फासेपारध्याने तितरासाठी फास लावला तर तो गुन्हेगार जमातीतला. आपल्या गावात अशा जमातींना कोंडून ठेवणारी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला कागदावरून गेला, लोकांच्या नजरेतून अजून पूर्ण गेलेला नाही. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. माळढोक पक्ष्यासाठी तो हवाच होता, सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर उभं राहिलेल्या कोणालाही ते पटेल. पण पारध थांबवताना पारध्याने उद्या काय खायचं, हे फार कमी जणांनी विचारलं. परंपरेचा मान म्हणतात तो मला या प्रश्नात दिसतो. रीत चालू ठेवण्यात तो असेलच असं नाही.

तिसऱ्या सहकाऱ्यांना हेही सांगा की 'परंपरा' हा शब्दही तटस्थ नाही. आवडली तर परंपरा, नावडली तर प्रथा, फारच नावडली तर अनिष्ट रूढी. भित्तिपत्रकात 'रीत' लिहा.

'क्रूरता' जपून वापरा, पण वापरा. १९६० च्या प्राणी-क्रूरताविरोधी कायद्यातही 'मारणे' आणि 'क्रूरपणे वागवणे' या वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच्या कलम २८ प्रमाणे एखाद्या समाजाच्या धर्माने सांगितलेल्या पद्धतीने प्राणी मारणं हा त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही. मला हाक्याची रीत क्रूर वाटते ती नुसत्या रक्तामुळे नाही. पायलट व्हेलमध्ये लेकी आणि लेक दोघंही आईच्याच कळपात जन्मभर राहतात. हाक्यात सापडतो तो कळप म्हणजे आजी, आई, पोरं असं अख्खं घर असतं, आणि ते एकमेकांदेखत मरतं. हे असं उलगडून लिहा, मग विशेषणाची गरज फारशी उरणार नाही.

शब्द बदलून माणसं बदलल्याचं एक उदाहरण आपल्या शेजारचंच आहे, तेही छापा. गुजरातेत वेरावळकडचे मच्छीमार व्हेल शार्कला (हा मात्र खरोखर मासा) 'बॅरल' म्हणत. गळाला पिंपं बांधून त्याला दमवायचे, म्हणून हे नाव. २००१ मध्ये कायद्याचं संरक्षण आलं. २००४ मध्ये रामकथाकार मोरारीबापूंना सोबत घेऊन मोहीम निघाली आणि त्या माशाला नवं नाव मिळालं, 'व्हाली', म्हणजे लाडकी. बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीला कोण मारतं, असं बापूंनी त्यांच्याच भाषेत विचारलं. जाळं फाडून सोडलं तर नुकसानभरपाईही ठेवली. तेव्हापासून शेकडो व्हाली जाळ्यातून सुटून समुद्रात परतल्या. मच्छीमारांना त्यासाठी कोणी कसाई म्हणालं नव्हतं.

जाता जाता, 'ॲक्टिव्हिस्ट'ला 'कार्यकर्ते' लिहू नका. आपल्याकडे मुलांना पक्षाचे झेंडे आठवतील. 'प्राणिमित्र' किंवा 'विरोध करणारे आंदोलक' बरं. त्यांचा शब्द 'कत्तल' असेल तर तो त्यांच्या तोंडी, अवतरणात द्या. बेटवासीयांचा 'ग्रिंडाद्राप'ही तसाच अर्थासह द्या. मथळा मी असा करेन: 'फेरो बेटांवर हाका घालून व्हेल का मारतात?'