डॉक्सिसायक्लिन हाती देताना

सांगली

प्रिय विद्यार्थ्यास अनेक आशीर्वाद.

पलूसच्या मेडिकलमध्ये तू रुजू झालास आणि पावसाळाही तोंडावर आला, म्हणून डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाविषयी आताच लिहितो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरासारखी वेळ कृष्णाकाठी आली, की उंदरांच्या व जनावरांच्या मूत्राने दूषित झालेले पाणी जखमेवाटे शरीरात जाऊन लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य तापाचा धोका वाढतो. त्यावर हे औषध उपचारासाठी वापरतात, आणि धोका मोठा असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम या मात्रेने प्रतिबंधासाठीही देतात. स्क्रब टायफसवर, म्हणजे बारीक किड्यांच्या चाव्यातून होणाऱ्या तापावर, ते प्रभावी आहे. जनावरांपासून होणाऱ्या ब्रुसेलोसिसमध्ये दुसऱ्या प्रतिजैविकाच्या जोडीने ते साधारण सहा आठवडे चालते. सर्दी, डेंगी, चिकुनगुन्या हे मात्र विषाणूंचे आजार आहेत, तिथे त्याचा काहीही उपयोग नाही. तेव्हा शेजाऱ्याला लागू पडलेली कॅप्सूल कोणी चिठ्ठीविना मागू लागला, तर ती देऊ नकोस, मग मालकांच्या कपाळावर आठी पडली तरी चालेल.

खरे लक्ष हवे ते औषध घेण्याच्या पद्धतीकडे. घोटभर पाण्याबरोबर कॅप्सूल गिळून माणूस लगेच आडवा झाला, तर ती अन्ननलिकेत अडकून तिथेच विरघळते आणि आतल्या नाजूक आवरणाला जखम करते. मग गिळताना छातीत अशी कळ येते, की घरच्यांना हृदयविकाराचीच शंका यावी. म्हणून पेलाभर पाणी, तेही बसून किंवा उभ्याने, आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवे न होणे, एवढे प्रत्येकाला तोंडी सांग. पाकिटावर नुसत्या खुणा करून भागत नाही. मळमळत असेल तर जेवणासोबत घेता येते. लोहाच्या गोळ्या किंवा ॲसिडिटीचे पातळ औषध आणि ही कॅप्सूल यांच्यात मात्र दोन-तीन तासांचे अंतर हवे, कारण त्यांतील लोह, ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम डॉक्सिसायक्लिनला बांधून ठेवतात आणि ते रक्तात पुरेसे उतरत नाही.

भांगलणीला किंवा द्राक्षबागेत जाणाऱ्यांना उन्हाविषयी आवर्जून बजाव, कारण या औषधावर असताना त्वचा एरवीपेक्षा लवकर भाजते. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डोक्यावर टोपी किंवा पदर असावा.

गरोदर स्त्रियांना आणि आठ वर्षांखालील मुलांना, बाळाच्या किंवा मुलाच्या दातांवर कायमचे डाग पडण्याच्या भीतीने हे औषध एरवी टाळतात. परंतु स्क्रब टायफससारख्या जिवावरच्या आजारात डॉक्टर लहान मुलांनाही ते थोडे दिवस विचारपूर्वक देतात; अशी चिठ्ठी आली तर आपल्या पुस्तकी ज्ञानावर ती परत न पाठवता डॉक्टरांना फोन करून खात्री करून घे. तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे, अंगावर पुरळ किंवा धाप लागणे यांपैकी काही झाले, तर पुढची मात्रा न घेता दवाखाना गाठायला सांग.

मुदत संपलेल्या जुन्या टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाने मूत्रपिंडांना इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डॉक्सिसायक्लिन त्याच कुळातले असल्याने पावसापूर्वी फडताळातल्या सगळ्या स्ट्रिप्सच्या तारखा एकदा तपासून घे.

तुझा शुभचिंतक