दवाखान्यात मोसंबीच का न्यायची?

नागपूर, फेब्रुवारी

प्रिय इरा,

परवा आपला व्हिडिओ कॉल चालू असताना आजी मला म्हणाली, "मामाले भेटाले जातेस तर मोसंबी ने, संत्रे नोको नेऊ." तू लगेच विचारलंस, "आई, दोन्ही ऑरेंजच ना? मग काय फरक पडतो?" तेव्हा ऑटो दारात उभा होता, नीट सांगता आलं नाही. आज दुपार मोकळी आहे आणि समोर टोपलीभर संत्रे आहेत, म्हणून सावकाश लिहिते. अडेल तिथे बाबांना विचार.

नागपुरात म्हणतात तो संत्रा, ते संत्रे. बाबा पुण्याचे, ते 'संत्रं' म्हणतात. दोन्ही चालतं. मोसंबीला मात्र संत्रा म्हटलंस तर इथलं बालवाडीतलं पोरही तुला थांबवेल. आणि खरं सांगू का, तुमच्या नेदरलँड्सच्या डच भाषेतही ही दोन फळं वेगळीच आहेत. सिंटरक्लासच्या सणाला, डिसेंबरात, तुझ्या बुटात सापडतं ते मँडरिन आणि सकाळी बाबा रस काढतात ते सिनासआपल, म्हणजे चीनचं सफरचंद. आपला संत्रा मँडरिनच्या घरातला, मोसंबी सिनासआपलच्या घरातली. इंग्रजी शाळेत गेल्यापासून तू दोघांना एकाच नावाने हाक मारायला लागलीस.

आता मी एक संत्रा हातात घेते. साल सैल आहे, दाबली तर आत थोडी हवा असल्यासारखी वाटते. देठापाशी अंगठा घातला की साल सुटते, सुरी लागत नाही. सुटताना बारीक तुषार उडतात आणि सगळ्या खोलीत वास पसरतो. ते सालीतलं तेल. लहानपणी दिवे गेले की मी आणि मामा मेणबत्तीजवळ साल पिळायचो, ज्योतीत तडतड ठिणग्या उडायच्या. (तू हे एकटीने करायचं नाहीस.) आत दहा-अकरा फोडी, मधोमध पोकळी, फोडींवर पांढऱ्या शिरा. आजी शिरा काढू देत नाही, त्यासकट खा म्हणते. फोड दाताखाली फुटली की आधी गोड लागतं आणि मग मागून आंबट येतं. हे मागून येणारं आंबट नसेल तर नागपूरचा माणूस त्या संत्र्याला फिका म्हणतो आणि बाजूला ठेवतो.

मोसंबीचं सगळं उलट. साल अंगाला घट्ट चिकटलेली, रंग हिरवट पिवळा, अंगावर उभ्या रेघा आणि बुडाशी नाणं दाबल्यासारखं गोल वर्तुळ. ते वर्तुळ बघायची सवय लाव, मग मोसंबी ओळखायला चुकणार नाहीस. हाताने सोलायला गेलीस तर नखं दुखतील. ती आडवी कापायची आणि रस काढायचा. नाव मोझांबिकवरून आलं, पण आता ती जालन्याची म्हणूनच ओळखली जाते. तिच्यात आंबटपणा जवळजवळ नसतोच. म्हणून तोंड आलेल्या, पोट हलकं ठेवायला सांगितलेल्या, ऑपरेशन होऊन पडलेल्या माणसाला तिचा रस सोसतो. संत्र्याने घसा धरतो, असं आजीचं ठाम मत आहे, आणि या घरात तिच्या मताला वजन आहे. त्यात आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जात नाहीत. तेव्हा भेटायला येणाऱ्याने पिशवीतून मोसंबी आणायची आणि घरच्यांनी तिथेच रस काढून द्यायचा, असं ठरूनच गेलंय. रस लगेच प्यायचा, हेही त्यातच आलं. काढून ठेवला तर थोड्या वेळाने कडू होतो.

दवाखान्यात माझ्या मामाच्या, म्हणजे तुझ्या मामाआजोबांच्या, खाटेखाली पाच पिशव्या होत्या, पाचही मोसंबीच्या. माझी सहावी. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना भेटायला दिवसभरात कुणी आलं नव्हतं, त्यांना मामीने त्यातली एक पिशवी उचलून दिली.

संत्र्याचं काम वेगळं आहे. संत्रे आनंदाने वाटायचे असतात. बाग असलेल्या घरून डझनाने येत नाहीत, क्रेटने येतात, आणि मग ते आळीत जातात, शाळेत जातात, प्रवासाला निघालेल्याच्या हातात देतात. मी पहिल्यांदा नेदरलँड्सला निघाले तेव्हा विमानतळापर्यंत माझ्या मांडीवर संत्र्यांची पिशवी होती. इथल्या स्टेशनजवळच्या एका भागाला आजही संत्रा मार्केट म्हणतात. मोठा लिलाव आता कळमन्याला होतो, पण नाव तिथेच राहिलंय.

रविवारी आम्ही काटोलकडे आजीच्या मावसभावाच्या बागेत गेलो होतो. ते मला तुला दाखवायचंच होतं. एका बाजूच्या झाडांवर पिकलेले संत्रे लगडलेले, तोडा चालू. दुसऱ्या बाजूच्या झाडांवर एकही फळ नाही, नुसती पांढरी फुलं, आणि वास इतका की गाडीतून उतरतानाच कळला. एकाच बागेत, एकाच दिवशी! तू असतीस तर विचारलंच असतंस, म्हणून मीच विचारलं.

आपल्याकडे संत्र्याला दोन बहार येतात. आंब्याला मोहर येतो त्या दिवसांत, जानेवारी-फेब्रुवारीत, फुलतो तो आंबिया बहार. त्याची फळं दिवाळीच्या आगेमागे सुरू होतात ती डिसेंबरपर्यंत. मृग नक्षत्राचा पाऊस पडल्यावर जून-जुलैत फुलतो तो मृग बहार, त्याची फळं आत्ता, फेब्रुवारी-मार्चमध्ये. झाडाने कधी फुलायचं हे शेतकरी पाण्याने ठरवतो. ज्या झाडांचा आंबिया धरायचा, त्यांचं पाणी डिसेंबरमध्ये तोडतात. याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, थोडी गळतात, झाड वाढायचं थांबतं. मग एक दिवस पाणी सोडतात. त्या पहिल्या हलक्या पाण्याला आंबवणी म्हणतात. त्यानंतर झाड फुलावर येतं. ताण कमी पडला तर नुसती पालवी फुटते, जास्त झाला तर फांद्या वाळतात. आपलं काळं रान ओल धरून ठेवतं, म्हणून किती दिवस पाणी तोडायचं हे झाडाकडे आणि जमिनीकडे रोज बघूनच ठरवावं लागतं. मृगाचा ताण तर मे महिन्यात, विदर्भाच्या उन्हात. ते बागवाले आजोबा कशाला हात न लावता नुसते झाडांपुढून चालत होते, एकेका फांदीपाशी थांबत होते. त्यांना त्या वेळी प्रश्न विचारायचा नाही, असं मला घरातून सांगून ठेवलं होतं.

त्यांनी मला खोडावरची एक रेषा दाखवली. वीतभर उंचीवर सालीचा पोत बदलतो. खालचं झाड जंबेरीचं आहे, वरचं संत्र्याचं. जंबेरी म्हणजे खडबडीत सालीचं आंबट जंगली लिंबू, तोंडात घालवत नाही. पण तिची मुळं आपल्या मातीत तग धरतात, म्हणून तिच्या रोपावर संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा अंकुर, बांधतात. त्या रेषेखालून फुटवा आला तर तो जंबेरीचाच, ताबडतोब खुडायचा. नागपूरचा गोड संत्रा असा एका आंबट झाडाच्या पायावर उभा असतो.

हे झाड इथलं मुळचं नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांनी ते औरंगाबादकडून आणवलं, असं सांगतात. मग ते काटोल, नरखेड, पलीकडे वरूड-मोर्शीपर्यंत पसरलं. वरूड-मोर्शीला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. अमरावती रोडला लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, १९८५ पासूनची. पुढच्या वेळी आलीस की ती लांबून का होईना दाखवीन.

मागे पुण्यात बाबांनी "नागपुरी" म्हणून आणले होते ते आठवतात? गोल, चकचकीत, साल चिकटलेली आणि बियाच बिया. तो किन्नू. कॅलिफोर्नियात दोन मँडरिनच्या संकरातून तयार झाला आणि पंजाबात रुजला. चांगलं फळ आहे, पण त्याला त्याच्या नावानेच विकावं, एवढंच माझं म्हणणं.

या कुटुंबातले बाकीचे लोकही तुला भेटायचे आहेत. पपनस तू पाहिलंयस, गणपतीपुढे ठेवतो ते, तुझ्या डोक्याएवढं. शास्त्रज्ञांनी जनुकं तपासली तेव्हा कळलं की मोसंबी आणि सिनासआपल यांचं सगळं कूळ पपनस आणि मँडरिन यांच्या संकरातून आलेलं आहे. म्हणजे आजीचा संत्रा आणि मामाआजोबांची मोसंबी नात्यातलेच. महाळुंग तू पाहिलं नाहीस. जाड सालीचं, लांबट, आत गर थोडा. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे ते महाळुंगच. तुमच्या दुकानातलं पिवळं जाड लिंबू त्याच्याच वंशातलं. आपलं लिंबू वेगळं, लहान आणि कागदासारख्या पातळ सालीचं, म्हणून कागदी लिंबू. वरणभातावर तेच पिळायचं. लोणच्याला इडलिंबूही घालतात. आणि तुमच्याकडच्या ग्रेपफ्रूटचं काही औषधांशी जमत नाही. आबा आले होते तेव्हा मी ते घरात आणलं नव्हतं, ते यासाठी.

शेवटचं, बाबांना सांगून चकित कर. तुझा 'ऑरेंज' हा शब्द आपल्याच 'नारंग'पासून निघालाय. संस्कृतातून फारसीत, तिथून अरबीत, मग स्पेन आणि फ्रान्सवरून इंग्रजीत. नेदरलँड्सचे खेळाडू घालतात त्या रंगाचं नावही त्याच वाटेवर बनलं.

मला येताना संत्रे आणता येणार नाहीत, युरोपात असं ताजं फळ सामानातून नेऊ देत नाहीत. आजीने उटण्यासाठी साली वाळत घातल्या आहेत, त्या आणि इडलिंबाच्या लोणच्याची बरणी आणते. तोवर शनिवारी बाबांबरोबर बाजारात जा. एक मँडरिन आणि एक सिनासआपल घे, डोळे मिटून हातात धर, साल ओढून बघ, वास घे. आणि आजीला फोन करून सांग, तुझ्या वर्गातलं कुणी आजारी पडलं तर तू कुठलं नेशील.

गच्चीवर साली उलटायला आजी हाक मारते आहे. जाते.

तुझी,
आई