रक्त चढवून घरी आल्यावर काय बघायचं?

ताई, सत्तरीच्या आईंना काल दोन पिशव्या रक्त चढवून घरी आणलंत आणि वॉर्डात "काही वाटलं तर फोन करा" एवढंच सांगितलं, असं लिहिलंय तुम्ही. मी डॉक्टर नाही. मुलाला थॅलेसेमिया (रक्त नीट तयार न होण्याचा जन्मजात आजार) आहे, त्याला दर तीन आठवड्यांनी रक्त लागतं, म्हणून हे आमच्या घरी नेहमीचंच.

थंडी वाजून ताप, अंगावर गांधी, खाज हे बहुतेक रक्त चालू असताना किंवा नंतरच्या काही तासांत होतं. वयस्कर माणसाची धाप मात्र आज नीट बघा. आडवं पडलं की दम लागतो, उठून बसावंसं वाटतं, असं झालं तर फोनाफोनी न करता सरळ १०८ बोलवा.

खरी नजर ठेवायची ती पुढचे दोन आठवडे, आणि नेमके तेव्हाच सगळे निर्धास्त असतात. पूर्वी कधी रक्त घेतलेलं असेल किंवा बाळंतपणं झालेली असतील, तर शरीरात परक्या रक्ताविरुद्ध अँटिबॉडी (शरीराची संरक्षक प्रथिनं) तयार झालेल्या असू शकतात. वर्षांनुवर्षांनी त्या इतक्या कमी होतात की क्रॉसमॅचमध्ये, म्हणजे रक्त देण्याआधी जुळतंय का बघतात त्या तपासणीत, दिसत नाहीत. नवं रक्त गेलं की पुन्हा वाढतात आणि त्या नव्या रक्ताच्याच पेशी फोडायला लागतात. हे क्वचित होतं, पण होतं, साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात. बारीक ताप, पुन्हा थकवा, डोळे पिवळे, लघवी कोऱ्या चहासारखी. डोळ्यांचा पांढरा भाग सकाळी खिडकीपाशी बघा, बल्बच्या उजेडात काही कळत नाही.

आपल्याकडे डोळे पिवळे दिसले की कोणीतरी काविळीचं गावठी औषध देणाऱ्याचा पत्ता देतंच. तिकडे अजिबात जाऊ नका. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन आधी सांगा, "अमुक तारखेला रक्त चढवलंय." हिमोग्लोबिन, बिलिरुबिन (कावीळ किती ते कळतं) आणि कूम्ब्स टेस्ट (पेशींना अँटिबॉडी चिकटल्यात का ते कळतं) करायला सांगतील. तापाला परस्पर गोळी देऊन मोकळं होऊ नका, आधी कळवा.

डिस्चार्जचा कागद आणि पिशव्यांचे नंबर जपून ठेवा. कागदावर नंबर नसतील तर वॉर्डातून आजच मागून घ्या, केसपेपरवर लिहिलेले असतात. आणि अँटिबॉडी सापडलीच, तर तिचं नाव लेखी घ्या. पुढच्या वेळी दुसऱ्या रक्तपेढीत गेलात तर तिथल्या तपासणीत ती दिसेलच असं नाही, कागद दाखवलात तरच ते जुळणारं रक्त शोधतील.