सागा म्हणजे गाथा नव्हे हो!

प्रश्न असा आलाय: जॉन ग्विनच्या ‘ब्लडस्वॉर्न सागा’ या व्हायकिंग धाटणीच्या कादंबरीमालेचं तिसरं आणि शेवटचं पुस्तक ‘द फ्युरी ऑफ द गॉड्स’ (2024) वाचून झालं, आता "एक थरारक गाथा संपली" अशी पोस्ट टाकायचीय, तर शीर्षकातल्या फ्युरीला मराठीत क्रोध म्हणायचं की प्रकोप?

प्रकोप म्हणा. क्रोध ऋषींना येतो, देव खवळले की प्रकोप होतो. झालं.

पण ते ‘गाथा’ काय लावलंय सगळ्यांनी? यशोगाथा, शौर्यगाथा, क्रिकेटगाथा, आणि आता व्हायकिंगांचीही गाथा! वर कोणीतरी ज्ञान पाजळणार की सागा आणि गाथा एकाच मुळातून आलेत, बघा ना किती सारखं ऐकू येतं. काही सारखं नाही. गाथा हा शब्द ‘गै’ धातूचा, म्हणजे गायचं प्रकरण. हाल राजाच्या प्राकृत सप्तशतीतल्या गाथा काय किंवा तुकोबांची गाथा काय, सगळं पद्य. सागा आला जुन्या नॉर्समधल्या, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतल्या ‘सेग्या’वरून, म्हणजे सांगणे, इंग्रजीतला ‘से’ त्याचाच चुलतभाऊ. आणि आइसलँडच्या सागा आहेत चक्क गद्य! 13व्या-14व्या शतकात लिहिल्या गेल्या, बहुतेकींचा लेखक कोण ते माहीत नाही, मध्येमध्ये कवनं येतात पण मुख्य मजकूर कोरडा ठाक. ग्रेटिरच्या सागेत त्याचा भाऊ अॅटली दार उघडून बाहेर येतो, त्याच्या पोटात रुंद पात्याचा भाला घुसतो, आणि तो काय म्हणतो तर हल्ली या रुंद भाल्यांची फॅशन आलीय. एवढं बोलून मेला. ना विलाप, ना अलंकार.

आता सांगा, हे आपल्याकडे कुठे वाचलंय? बुराडी घाटावर 1760 साली पडलेला दत्ताजी शिंदे आणि त्याचं "बचेंगे तो और भी लडेंगे", बखरीतच ना! म्हणजे सागाला मराठी शब्द आहे, तो बखर. गद्य, लढाया, घराण्यांची वैरं, आणि इतिहास कुठे संपला नि गोष्ट कुठे सुरू झाली ते कळू न देणं, सगळं जुळतं. आइसलँडच्या भाषेत तर आजही ‘सागा’ म्हणजे गोष्टही आणि इतिहासही.

आणि खरी मजा पुढेच आहे. बखर हा ‘खबर’चा उलटापालट झालेला अवतार असं पुस्तकांतून ठोकून दिलेलं असतं. मला हे कधीच पटलेलं नाही. अक्षरं उलटली की व्युत्पत्ती होते काय? मग ‘कडक’ उलटं वाचलं तरी कडकच राहतं, त्याची काय व्युत्पत्ती सांगणार? दुसरं मत जुनंच आहे आणि मला तेच आवडतं: भाष्, भाख, बख, म्हणजे बोलणे. मराठीत हे अजून जिवंत आहे की, करुणा भाकतो आपण, भाकीत करतो, एकमेकांना भाक देतो. ‘बखर’मधला शेवटचा ‘र’ कुठून आला असं खबरवाले विचारतात, त्यांनी आधी आपला ‘ख’ उडी मारून मागे का गेला ते सांगावं. माझं म्हणणं मानलंत तर सागाही ‘सांगितलेलं’ आणि बखरही ‘सांगितलेलं’. मुळं दोन वेगळ्या भाषांतली, तरी विचार एकच, याहून सुंदर काय पाहिजे.

शिवाय ब्लडस्वॉर्न म्हणजे शपथेने बांधलेली भाडोत्री लढवय्यांची टोळी, त्यात घुसायला वार्ग या पात्राला काय काय करावं लागतं ते पहिल्या भागात वाचलंच असेल तुम्ही. रक्ताची भाक दिलेली माणसं ती. भाक आणि बखर एकाच घरातले, त्यामुळे पोस्टमध्ये बिनधास्त ‘बखर संपली’ लिहा, आणि कोणी महाकाव्य म्हटलं तर त्याला पुस्तकातली एक तरी ओवी गाऊन दाखव म्हणावं.