वाचकांचे प्रश्न : हरणाच्या शिकारीसाठी कमी धक्क्याची रायफल

अमेरिकेत हरणांचा हंगाम जवळ आला की या विषयावरचे प्रश्न वाढतात. लहान चणीच्या नेमबाजांसाठी आलेल्या काही प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत. .२४३, .३०-०६, ७ एमएम-०८, ६.५ क्रीडमूर ही काडतुसांची नावं आहेत, आणि ती चालवणाऱ्या रायफलीलाही त्याच नावाने ओळखतात.

प्रश्न : माझी उंची पाच फूट एक इंच, वजन ४८ किलो. नवऱ्याची .३०-०६ चालवली की चार बारांतच खांदा ठणकतो आणि पाचवी गोळी कुठे जाते ते कळत नाही. सगळे .२४३ घ्यायला सांगतात. दुकानदाराने सहा पौंडांची छोट्या दस्त्याची रायफल दाखवली. घेऊ का?

.२४३ घ्यायला हरकत नाही. प्रश्न त्या सहा पौंडांचा आहे.

धक्का तीन गोष्टींवर ठरतो : गोळीचं वजन आणि वेग, काडतुसातल्या दारूचं वजन आणि बंदुकीचं वजन. पहिल्या दोन गोष्टी काडतूस निवडलं की ठरून जातात, तिसरी तुमच्या हातात राहते. दुर्बिणीसकट आठ पौंडांच्या रायफलीत अंदाजे असे आकडे येतात (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप, फूट-पाऊंड हे धक्क्याच्या ऊर्जेचं). .३०-०६ मध्ये १८० ग्रेनची गोळी : २० फूट-पाऊंड. .३०८ मध्ये १५० ग्रेन : साडेचौदा. ७ एमएम-०८ मध्ये १४० ग्रेन : पावणेतेरा. ६.५ क्रीडमूरमध्ये १४० ग्रेन : बारा. .२४३ मध्ये १०० ग्रेन : साडेआठ. दारूच्या प्रमाणाप्रमाणे एखादा आकडा मागेपुढे होईल, क्रम बदलणार नाही.

आता तेच .२४३ काडतूस सहा पौंडांच्या रायफलीत घाला. साडेआठाचे साडेअकरा होतात, म्हणजे आठ पौंडांच्या क्रीडमूरच्या जवळपास. 'मुलांची' किंवा 'बायकांची' म्हणून विकल्या जाणाऱ्या हलक्या रायफलींची खरी गोम इथे आहे. ज्याला धक्का सोसत नाही त्याच्याच हाती सगळ्यात जास्त धक्का देणारं वजन दिलं जातं. खांद्यावर वाहून न्यायला हलकी बंदूक बरी वाटते, हे मान्य. पण मचाणावर किंवा आडोशाला बसून शिकार करणार असाल तर दुर्बिणीसकट साडेसात ते आठ पौंड ठेवा आणि वाहून नेताना वजन खांद्याच्या पट्ट्यावर घ्या. छोटा दस्ता हवाच, हलकी नळी नको.

माझं मत विचाराल तर पहिली पसंती ७ एमएम-०८. सुरुवातीला कमी भाराची १२० ग्रेनची काडतुसं वापरा, धक्का .२४३ च्या आसपास येतो. खांदा सरावला की त्याच रायफलीत १४० ग्रेन, आणि कोन थोडा वाकडा असला तरी आरपार जायला पुरेसं वजन. मात्र गोळी बदलली की नेम पुन्हा लावावा, म्हणजे दुर्बीण नव्या गोळीशी जुळवून घ्यावी लागते, हे विसरू नका. ही काडतुसं तुमच्या भागात सहज मिळत नसतील तर ६.५ क्रीडमूर घ्या. २००७ साली आलेलं हे काडतूस आता जवळपास प्रत्येक दुकानात असतं.

.२४३ घेतलीत तर एक पथ्य : ५५-५८ ग्रेनच्या गोळ्या हरणावर चालवू नका. त्या कोल्ह्यासारख्या लहान जनावरांसाठी असतात. खांद्याच्या हाडावर फुटून त्यांचा चुरा होतो, जखम वरवरची राहते आणि जनावर जखमी होऊन पळतं. ९५-१०० ग्रेनची, आतून पक्की बांधलेली गोळी घ्या. तांब्याची असेल तर ८० ग्रेनही चालते, कारण ती फुटत नाही, नुसती फुलते. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही, तिथे हाच मार्ग. नेम पुढच्या पायाच्या किंचित मागे, उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात. हरीण तोंड तुमच्याकडे करून तिरकं उभं असेल तर .२४३ ने बार करूच नका.

प्रश्न : मुलगा बारा वर्षांचा आहे. घरात .२२३ आहे, तो ती मजेत चालवतो. कोलोरॅडोत हरणाला चालेल का?

नाही. कोलोरॅडोत हरणासाठी किमान .२४ कॅलिबर (म्हणजे गोळीचा इंचातला व्यास), किमान ७० ग्रेनची फुलणारी गोळी आणि १०० यार्डांवर किमान १,००० फूट-पाऊंड ऊर्जा लागते. .२२३ पहिल्याच अटीत बाद. काही राज्यांत तिला परवानगी आहे, पण तिथेही नवख्याच्या हाती देऊ नये, कारण चुकीला जागाच राहत नाही. ती सरावाला ठेवा आणि हंगामासाठी .२४३ घ्या. दोन्ही रायफलींचा चाप आणि सेफ्टी एकाच पद्धतीची असेल तर उत्तम.

प्रश्न : ओहायोत राहतो. बायकोसाठी .२४३ बघत होतो, पण ती इथे चालत नाही असं कळलं.

बरोबर कळलं. ओहायोत हरणासाठी सरळ भिंतीच्या काडतुसाचीच रायफल लागते, .३५७ ते .५० कॅलिबरमधली. .२४३ चं काडतूस बाटलीसारखं, मानेशी निमुळतं असतं. .३५० लेजंड घ्या, नावात .३५० असलं तरी ते या नियमात बसतं. १५० ग्रेनच्या गोळीला आठ पौंडांत आठच्या आसपास धक्का, म्हणजे .२४३ पेक्षाही कणभर कमी. दुकानात शेजारीच .४५० बुशमास्टर असेल, त्या मोहात पडू नका, तिचा धक्का .३०-०६ एवढा बसतो. लेजंडची गोळी मात्र लवकर खाली येते. १०० यार्डांवर नेम लावला तर २०० वर आठेक इंच खाली लागते. म्हणून १५० यार्डांची मर्यादा आधीच ठरवून ठेवा.

प्रश्न : दुर्बीण भुवईवर आपटली, तीन टाके पडले. धक्का तर फार नव्हता.

दस्ता लांब असणार. बाजारातल्या रायफलींच्या दस्त्याची चापापासून मागच्या टोकापर्यंतची लांबी बहुधा साडेतेरा-पावणेचौदा इंच असते. लहान चणीच्या माणसाला सव्वाबारा ते तेरा पुरते. दस्ता लांब पडला की माणूस मान पुढे काढतो, दस्ता खांद्याच्या खळगीऐवजी दंडावर टेकतो, डोळा काचेला चिकटतो आणि मग जे व्हायचं ते होतं.

मोजायचं असं : बंदूक रिकामी आहे ना ते दोनदा बघा. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं टोक कोपराच्या आतल्या बाजूला टेकवा. तर्जनीचं पहिलं पेर चापावर आरामात यायला हवं. मग रायफल खांद्याला लावा. चाप धरलेल्या हाताचा अंगठा आणि नाक यांच्यात दीड-दोन बोटं जागा हवी. ही तपासणी हंगामातलं जाड जाकीट घालूनच करा, त्याचाच अर्धा इंच होतो. लाकडी दस्ता सुतारकाम जाणणाऱ्या बंदूक कारागिराकडून कापून मागे मऊ रबरी पॅड बसवता येतं. बऱ्याच नव्या रायफलींत चकत्या काढून लांबी कमी करता येते. दुर्बीण डोळ्यापासून साडेतीन ते चार इंच ठेवा, आणि पूर्ण वर्तुळ दिसेपर्यंत दुर्बीण पुढेमागे सरकवा, मान नव्हे.

प्रश्न : मझल ब्रेक (नळीच्या टोकाला बसवायचा, वायू बाजूला सोडून धक्का कमी करणारा भाग) लावला तर .३०-०६ च चालणार नाही का?

धक्का बराच कमी होईल, तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त. पण आवाज बाजूला आणि मागे येतो, शेजारी बसलेल्याच्याही कानांवर. नवखा माणूस खांद्याइतकाच धडाक्याला दचकतो, त्यामुळे एक रोग जाऊन दुसरा येतो. राज्यात परवानगी असेल तर सप्रेसर (नळीच्या टोकाला लावायचा, आवाज दाबणारा भाग) धक्का आणि आवाज दोन्ही कमी करतो, वर नळीच्या टोकाला वजनही देतो.

प्रश्न : दचकण्याची सवय लागली आहे की नाही, हे कसं ओळखावं? दुर्बिणीतून तर सगळं स्थिर दिसतं.

बार झाल्यावर काहीच कळत नाही, धक्का सगळं झाकून टाकतो. सोबत्याला मॅगझिनमध्ये खरी आणि दारू नसलेली डमी काडतुसं मिसळून भरायला सांगा. कोणतं कधी येणार ते तुम्हाला कळता कामा नये. डमीवर चाप ओढताना नळी खाली डुचकली, डोळे मिटले किंवा खांदा पुढे आला, की निदान झालं. मात्र नुसती 'क्लिक' ऐकू आल्यावर नळी अर्धा मिनिट निशाण्याकडेच धरून ठेवा. खरं काडतूस उशिरा पेटण्याची शक्यता असते.

उपाय कंटाळवाणा आहे. महिनाभर .२२ रिमफायर (छोट्या काडतुसाची, जवळपास धक्का नसलेली रायफल), तीही गुडघ्यावर आणि काठीच्या टेकूने. मग एका बैठकीत .२२ च्या पन्नास गोळ्यांमागे मोठ्या रायफलीच्या आठ-दहा, जास्त नाहीत. टेबलावर बसून नेम लावताना शरीर मागे हलू शकत नाही, म्हणून तिथे तोच धक्का दुप्पट वाटतो. ते काम अनुभवी माणसाला करू द्या. आधी २५ यार्डांवर, मग १०० वर. पाव मिनिटाच्या दुर्बिणीत (मिनिट इथे कोनाचं, वेळेचं नव्हे; नेम सरकवायची खुंटी क्लिक-क्लिक करत फिरते आणि एक क्लिक म्हणजे पाव मिनिट) १०० यार्डांवर एक इंच सरकवायला चार क्लिक लागतात, २५ वर सोळा. अनेकांचा गोंधळ इथेच होतो आणि डबाभर काडतुसं फुकट जातात. कानात बोळे, वर मफ, दोन्ही घाला. निम्मं दचकणं तिथेच थांबतं.