नंबर, सही आणि संमती : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत राज्ये आपापले माहिती-गोपनीयता कायदे करतात. उद्या कर्नाटकाने केला तर महाराष्ट्रातल्या चंदगडच्या दुकानदाराला तो लागू होईल का? – खानापूर

नाही. पण त्याची वाट कशाला पाहता? केंद्राचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा खानापूरला तोच आणि चंदगडलाही तोच.

मोबाईल नंबर दिल्याशिवाय बिल निघत नाही म्हणतात. – बेळगाव

निघतं. नंबरची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलं आहे. ‘सिस्टीम घेत नाही’ ही पळवाट. अडून बसले तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

कर्जाबरोबर कन्नड-इंग्रजी संमतिपत्र आलं. एजंट म्हणाला, ‘फॉर्मॅलिटी आहे.’ सही केली. आता? – निपाणी

याच एका वाक्यावर आपल्या भागात निम्म्या सह्या होतात! डिजिटल माहितीसाठी संमती मागताना मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ पैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावीच लागेल, असं कायदा सांगतो. त्यात कन्नड आहे तशी मराठीही आहे; सीमावादाचा इथे संबंधच नाही. अडचण तारखेची. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि या तरतुदीला १८ महिन्यांची मुदत दिली, म्हणजे मे २०२७ उजाडणार. गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरला २०१७ मध्ये, तोही कर्नाटक हायकोर्टाच्या निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामींच्या याचिकेवर. एवढी वर्षं कमी पडली?

तोवर मराठी मजकूर मागा, पण लेखी. सही केलेल्या कागदाची प्रत घ्या आणि त्यात ‘सहयोगी कंपन्या’ हे शब्द शोधा. जाहिरातींचे फोन तिथून सुरू होतात. जाहिरातींपुरती संमती मागे घेतो, असं पत्र देऊन पोच घ्या. कर्जाच्या नोंदींना मात्र याने हात लागत नाही, म्हणून पत्राचा मसुदा आधी वकिलाला दाखवा.

लॉजवर आधारची झेरॉक्स मागतात. – चिकोडी

आधारच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार उतरवून घ्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

माहिती फुटली की ग्राहकाला २५० कोटी मिळतात, असा मेसेज फिरतोय. – बेळगाव

पुढे पाठवू नका. २५० कोटी ही दंडाची कमाल मर्यादा, आणि तो पैसा सरकारी तिजोरीत जातो. सेवेतल्या त्रुटीमुळे तुमचं नुकसान झालं असेल, तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं; प्रकरण टिकेल का, हे कागद घेऊन वकिलाला विचारा. खात्यातून पैसे गेले असतील तर मात्र वकील नंतर, आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, आणि त्याच घटकेला.